वॉटसनची बिल्डिंग बिल्डरने नाही, पाण्याने खाल्ली

फोर्टमधल्या एखाद्या जुन्या बिल्डिंगला नोटीस लागली की व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते वारसा आहे, हात लावाल तर खबरदार. दुसरी म्हणते कसला डोंबलाचा वारसा, माणसं मेल्यावर जागे होणार का, पाडा आणि टॉवर बांधा एकदाचा. आमच्या शाळेच्या ग्रुपवर परवा हेच झालं, विषय होता काळ्या घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजेच जुनं वॉटसन हॉटेल. मी मध्ये तोंड घातलं आणि दोन्ही पार्ट्यांकडून शिव्या खाल्ल्या. तिथे लांब लिहिलं की लोक अंगठा दाखवून पुढे जातात, म्हणून इथे लिहितोय, ज्याला वाचायचंय तो वाचेल.

आधी बिल्डिंग कुठली ते सांगतो कारण नावावरून अर्ध्या लोकांना कळतच नाही. जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोरच्या फुटपाथवर उभे राहिलात की एल्फिन्स्टन कॉलेज, मग डेव्हिड ससून लायब्ररी, मग आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आणि त्याच्या पुढे ती पाचमजली, पत्रे आणि जाळ्या लावलेली, बघूनच बाजूने जावंसं वाटतं ती. मागच्या अंगाला सिव्हिल कोर्ट. जे लोक त्या भागात नोकरीला होते त्यांनी हजार वेळा तिच्या खालून चहा प्यायला जाताना चक्कर मारली असेल पण मान वर करून बघितलं नसेल, आणि त्यांचा दोष नाही, वर बघण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं, एसीचे डबे, वायरींचे गुंडाळे, वकिलांच्या पाट्या आणि कुठेतरी वाळत घातलेला टॉवेल.

आता ही बिल्डिंग एवढी महत्त्वाची का. १८६० च्या दशकात तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैसा नुसता वाहत होता. त्याच काळात गव्हर्नर बार्टल फ्रिअरने किल्ल्याच्या भिंती पाडून टाकल्या आणि फोर्टच्या कडेने मोकळी जमीन मिळाली. (म्हणजे बघा, आज आपण जे 'जुनं मुंबई' म्हणून कवटाळतो ते सगळं त्या काळचं रीडेव्हलपमेंटच आहे, आधीचं पाडूनच उभं राहिलेलं. हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा टॉवर पार्टी खूश झाली, थोडा वेळ.) त्या जमिनीतला एक तुकडा जॉन वॉटसन नावाच्या कापड व्यापाऱ्याने घेतला. त्याचं डोकं वेगळंच चाललं होतं. त्याने बिल्डिंगचा सगळा सांगाडा इंग्लंडमध्ये करून घेतला, डिझाइन रोलंड मेसन ऑर्डिश नावाच्या इंजिनिअरचं, लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनचं ते प्रचंड छत आहे ना, त्यातही ह्याचा हात होता. खांब, तुळया, सगळं डर्बीच्या फाउंड्रीत बनवलं, जहाजात भरलं आणि इथे आणून मेकॅनोसारखं बोल्ट मारून जोडलं. आज कोणी प्रीफॅब बांधलं की पेपरात जाहिरात येते, ह्यांनी ते दीडशे वर्षांपूर्वी केलंय आणि तेही बोटीतून.

ह्यातली गंमत काय आहे ती नीट समजून घ्या कारण पुढचा सगळा घोळ त्यावरच आहे. त्या काळच्या इथल्या मोठ्या इमारती म्हणजे जाडजूड भिंती, भिंतच वजन घेते. वॉटसनमध्ये भिंती नुसत्या भरावाच्या आहेत, वजन घेतो तो लोखंडी सांगाडा. म्हणजे आज आपण ज्या आरसीसी फ्रेममध्ये राहतो ती कल्पना, फक्त सिमेंट-सळईऐवजी लोखंडात. भारतात उभी असलेली ह्या पद्धतीची सगळ्यात जुनी बहुमजली इमारत म्हणून हिचं नाव घेतात. म्हणजे गंमत बघा, जे लोक 'पाडा आणि टॉवर बांधा' म्हणतात त्यांच्या टॉवरची ही आजी लागते.

१८७१ मध्ये हॉटेल सुरू झालं. १३० खोल्या, मधोमध काचेचं छत असलेला चौक, बॉलरूम, आणि वाढायला म्हणे इंग्लंडहून आणलेल्या वेट्रेस. मार्क ट्वेन १८९६ मध्ये मुंबईत आला तेव्हा इथेच उतरला होता आणि बाल्कनीतून मुंबईचे कावळे बघत बसला होता, त्या कावळ्यांवर त्याने लिहिलंय पण झकास. आणि त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिएर बंधूंच्या माणसाने इथे पडद्यावर हलती चित्रं दाखवली, तिकीट एक रुपया. भारतातला पहिला सिनेमाचा खेळ. नंतर खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलवले. त्या खेळांनी वेडा झालेला एक मराठी माणूस म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, सावेदादा. त्यांचा फोटो स्टुडिओ होता, त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीची फिल्म घेतली. फाळके येईपर्यंत अजून बारा-चौदा वर्षं होती. आता मला सांगा, आपण मराठी माणसं सिनेमाचा उगम आमच्याकडे झाला म्हणून छाती फुगवतो, आणि ज्या बिल्डिंगीत तो पहिला खेळ झाला तिथे उभं राहून कोणाला काही सांगायचं म्हटलं तर वरून काय पडेल ह्याची धास्ती.

जमशेटजी टाटांना इथे आत घेतलं नाही म्हणून त्यांनी चिडून ताज बांधलं ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच, प्रत्येक टूर गाईड सांगतो. इतिहासवाले लोक तिला फारसं मानत नाहीत. मला विचाराल तर गोष्ट छान आहे पण ती वॉटसनला नडलीच जास्त, कारण 'गोऱ्यांचं हॉटेल, टाटांचा अपमान केला, बरं झालं बुडालं' एवढंच लोकांच्या डोक्यात राहतं, आणि सावेदादा कोणाच्या लक्षात नाहीत.

१९०३ मध्ये ताज आलं, वॉटसनचा रुबाब ओसरत गेला, पुढे हॉटेल बंदच पडलं. मालक बदलले, नाव आधी महेंद्र मॅन्शन झालं, मग एस्प्लनेड मॅन्शन. खोल्यांच्या खोल्या पाडून, पार्टिशनं टाकून भाड्याने दिल्या. मागे कोर्ट म्हटल्यावर वकील, नोटरी, टायपिस्ट, झेरॉक्सवाले यांची चंगळ, आणि वर राहणारी कुटुंबं. २००५ च्या सुमाराला तिथे ५३ कुटुंबं आणि ९७ ऑफिसं-दुकानं होती. एवढ्या सगळ्यांना पाणी लागतं, संडास लागतात, एसी लागतो. १८७१ च्या सांगाड्याने हे सगळं पोटात घेतलं.

मी आत गेलोय ते मामाच्या एका भाड्याच्या केसपायी, कॉलेजला होतो तेव्हा, मामाला कागद धरायला कोणीतरी लागायचं. वकिलाचं ऑफिस म्हणजे साधारण आपल्या किचनएवढी जागा, प्लायवूडची पार्टिशन, आणि त्या पार्टिशनच्या बरोबर मधून एक लोखंडी खांब वर गेलेला. खांबाला ऑइलपेंटचे इतके थर की कडा गोल झाल्या होत्या, वरच्या नक्षीचं नुसतं लोण्यासारखं काहीतरी झालेलं. त्याला तार गुंडाळून बँकेचं कॅलेंडर टांगलं होतं. आणि खांब जिथे जमिनीत जातो तिथे लाकडी फळ्या काळ्या पडलेल्या, सतत ओल, बाजूला एक प्लास्टिकचा डबा ठेवलेला, त्यात वरून टप टप पाणी. वकीलसाहेबांना विचारलं तर म्हणाले वरच्या मजल्यावरच्याचं मोरीचं पाणी आहे, त्याला सांगितलं तर तो म्हणतो मालकाला सांगा, मालकाला सांगितलं तर तो म्हणतो बोर्डाला सांगा. मामा हसून म्हणाला, आमच्याकडे पण हेच आहे साहेब, त्याचीच तर केस आहे.

आणि हाच माझा सगळा मुद्दा आहे. लोकांना वाटतं की फोर्टसारख्या भागात जुन्या बिल्डिंगचा शत्रू म्हणजे बिल्डर, बुलडोझर घेऊन येणारा. येतो ना, नाही असं नाही. पण वॉटसनला कोणी बुलडोझर लावला नाही. तिला तो प्लास्टिकचा डबा खातोय.

आता तो डबा तिथे का राहतो ते पैशाच्या भाषेत बघू. १९४७ चा भाडे कायदा आला, भाडी गोठली, युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर काढू नये म्हणून, आणि त्या वेळेला ते बरोबरच होतं. पण तात्पुरता म्हणून आणलेला कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं चालला. मग १९९९ चा नवा कायदा आला, २००० पासून लागू, त्यात वर्षाला ४ टक्के वाढीची परवानगी. २०० रुपये भाडं असेल तर वर्षाला ८ रुपये. आठ रुपयात मालकाने काय करायचं, गंजलेल्या तुळईला निदान बँडेज तरी मिळेल का. त्यामुळे मालक हात वर करतो. भाडेकरू म्हणतो बिल्डिंग माझी नाही, मी का खर्च करू, आणि त्याचंही कागदावर खरं आहे. पण तोच भाडेकरू जागा सोडताना पागडी मात्र आजच्या भावाने घेतो, मालक आपला हिस्सा घेतो, दोघं खूश, बिल्डिंगला त्यातला एक रुपया मिळत नाही. तिसरा आहे म्हाडाचा रिपेअर बोर्ड, १९६९ च्या कायद्याने आलेला, सेस म्हणजे दुरुस्तीसाठीचा कर गोळा करतो आणि तो भरणाऱ्या जुन्या बिल्डिंगींची दुरुस्ती करतो, पण हजारो बिल्डिंगी आणि जमा होणारा सेस ह्यांचं गणित कधी जमलंच नाही, शिवाय बोर्डाची दुरुस्ती म्हणजे टेकू, प्लास्टर आणि आयबीम. साध्या चाळीला ते चालतं. ऑर्डिशच्या लोखंडाला नाही चालत.

का नाही चालत तर ह्यातलं बरंचसं लोखंड म्हणजे बीड आहे, ओतीव. घरात आजीचा बिडाचा तवा असेल तर माहीत असेल, आयुष्यभर जळतो पण हातातून पडला की टचकन तडा जातो, आणि साधं वेल्डिंग करून तो परत जोडता येत नाही. बीड दाबाखाली राक्षसासारखं वजन घेतं पण ताण आला, वाकायची वेळ आली की सांगत नाही, सरळ तुटतं. त्यात गंज चढला की तो फुगतो, फुगला की बाजूची वीट-चुना ढकलतो, फट पडते, फटीतून अजून पाणी, अजून गंज. एखाद्याने वर मोरी बांधली, दुसऱ्याने पोटमाळा काढला, तिसऱ्याने बाल्कनी बंद करून खोली केली, प्रत्येकाने आपापलं थोडंसंच केलं. बाल्कन्या बाहेर काढलेल्या, ब्रॅकेटवर उभ्या, त्या सगळ्यात आधी जाणार हे सांगायला इंजिनिअर नको.

आणि तसंच झालं. जून २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडने जगातल्या धोक्यात असलेल्या १०० वास्तूंच्या यादीत वॉटसनचं नाव घातलं, त्यासाठी रेन्झो पियानोसारख्या मोठ्या आर्किटेक्टने शब्द टाकला होता. पेपरात फोटो आले, आपण सगळे खूश. आणि १ जुलैला, म्हणजे त्याच पावसात, पश्चिमेकडच्या म्हणजे कोर्टाच्या बाजूच्या बाल्कन्या कोसळल्या. खाली पार्क केलेल्या गाड्यांवर. एक माणूस गेला. यादीत नाव आल्याने बिडाला काही कळत नाही हो, त्याला गंजच कळतो.

नंतर काय, टेकू लागले, मीटिंगा झाल्या, आणि १३ वर्षं आपण त्याच बिल्डिंगच्या खालून जात राहिलो. २०१८ मध्ये दक्षिण मुंबईतल्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींच्या परिसराला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, पुन्हा फोटो, पुन्हा आपण खूश, आणि त्याच वर्षी पुन्हा बाल्कनीचा तुकडा खाली आला. मग प्रकरण हायकोर्टात, २०१९ मध्ये इमारत रिकामी करून घेतली. आयआयटी मुंबईच्या अहवालात म्हटलं की दुरुस्त करण्यात अर्थ नाही, पाडा. वारसा संवर्धनाचं काम करणाऱ्या आर्किटेक्ट-इंजिनिअर मंडळींनी म्हटलं की नाही, अवघड आहे पण वाचवता येते, लोखंडी सांगाडा बोल्टाने जोडलेला आहे म्हणजे खराब भाग काढून दुसरा घालता येतो.

इथे ग्रुपवरचे दोघंही माझ्यावर तुटून पडले. माझं म्हणणं असं की दोन्ही बाजू खोटं बोलत नाहीयेत, त्यांना विचारलेले प्रश्न वेगळे आहेत. 'ही इमारत आज लोकांनी राहायला सेफ आहे का आणि नेहमीच्या खर्चात सेफ करता येईल का' असं विचारलं तर उत्तर नाही असंच येणार. 'पैसा आणि कारागीर मिळाले तर सांगाडा टिकेल का' असं विचारलं तर उत्तर हो येऊ शकतं. मधला प्रश्न, की तो पैसा कोण देणार आणि नंतर त्या बिल्डिंगीत काय चालणार, हा कोणी विचारतच नाही, कारण त्याचं उत्तर द्यायला मालक, भाडेकरू, म्हाडा, महापालिका, वारसा समिती असे सगळे एका टेबलाला बसावे लागतात आणि त्यांच्यातले अर्धे एकमेकांविरुद्ध कोर्टात आहेत.

टॉवर पार्टीला हेही माहीत नसतं की हिला पाडून टॉवर बांधता येत नाही एवढ्या सहज. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींची नियमावली आहे, देशात पहिली. वॉटसन त्यात ग्रेड टू-ए. वारसा समितीच्या परवानगीशिवाय खिडकी बदलायची नाही. पण ती नियमावली 'काय करू नका' एवढंच जोरात सांगते, 'करा' म्हणताना आवाज बसतो. वारसा इमारतीमुळे ज्याला जास्त मजले चढवता येत नाहीत त्याला टीडीआर द्यायची सोय त्यात आहे, म्हणजे इथले न वापरता आलेले बांधकामाचे हक्क दुसरीकडे विकून पैसा करायचा. कागदावर छान आहे. पण त्यातून आलेला पैसा त्याच बिल्डिंगीच्या गच्चीवर आणि पाइपांवर खर्च झाला की नाही हे बघायला कोण जातंय.

आता त्याच फुटपाथवर चार पावलं मागे या. आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग, खाली मोठं कपड्यांचं शोरूम, वर ऑफिसं, एसी चालू, काचा पुसलेल्या. तिला काही कोणी मेणबत्त्या लावून वाचवलेलं नाही, ती नुसती वापरात आहे आणि तिला एक मालक आहे ज्याला ती चांगली दिसण्यात इंटरेस्ट आहे. त्याच्या मागे डेव्हिड ससून लायब्ररी, १८७० ची, पिवळ्या मालाड दगडाची. तिथे मेंबर आहेत, वरच्या सज्जात आरामखुर्च्या आहेत, मागे बाग आहे, दुपारी तिथे पेपर तोंडावर ठेवून झोपणारे काका आहेत (परीक्षेचा अभ्यास करणारी पोरंही आहेत, पण काका जास्त). काही वर्षांपूर्वी देणगीच्या पैशातून तिचं जीर्णोद्धाराचं काम झालं, मध्ये कधीतरी घातलेला स्लॅब काढून मूळचं उतरतं छप्पर परत बसवलं. म्हणजे पाणी परत बाहेर पडायला लागलं. मला त्या सगळ्या कामातला हा भाग सगळ्यात जास्त आवडला, कोरीवकाम वगैरे नंतर, आधी छप्पर.

गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाऊस घ्या. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ ज्या स्टेजवर गायले ते. १९९३ ला बंद पडलं, आम्ही लहानपणी ते भुताचं घर म्हणूनच बघायचो. पण मालक एक, गोंडलचं राजघराणं, भाडेकरूंचा गुंता नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं हळूहळू काम करून २०१६ मध्ये ते परत उघडलं. पैसा लागलाच असणार भरपूर, पण निर्णय घ्यायला एकच सही लागत होती. वॉटसनला दीडशे सह्या लागतात आणि त्यातली एकही दुसऱ्यासारखी नाही.

भाडेकरूंना मी शिव्या देतोय असं समजू नका, मी स्वतः गिरगावच्या चाळीतला. कॉमन संडास, पावसात जिन्यावर पाणी, मधल्या तुळईला बोर्डाचा टेकू, त्या टेकूला आम्ही क्रिकेटचा स्टंप करायचो. आमची चाळ रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा बाहेरची लोकं यायची कॅमेरे घेऊन, लाकडी कठड्याचे फोटो काढायची आणि हळहळायची, की किती सुंदर आहे, हे जायला नको. माझी आई त्यांना म्हणायची, मग तुम्ही या राहायला, मी देते चावी. तिच्या गुडघ्यांना तो लाकडी जिना सुंदर वाटत नव्हता. नव्या घरात तिला घरातला संडास मिळाला आणि लिफ्ट मिळाली, ह्याच्यापुढे मला कोणी नक्षीदार कठडा सांगू नये. त्यामुळे सरसकट सगळं जुनं वाचवा म्हणणाऱ्यांत मी नाही. आमच्या चाळीसारख्या चाळी शेकड्याने होत्या, वॉटसन एकच आहे, एवढा फरक करता आला पाहिजे. आणि तो फरक केला की मग त्या एकासाठी वेगळा खिसा पण काढायला लागतो, ते काम भाडेकरूच्या गुडघ्यांवर ढकलता येत नाही.

पुण्यात भिडे वाड्याचं काय झालं ते आठवा. १ जानेवारी १८४८ ला जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती जागा, दगडूशेठ गणपतीच्या समोर. स्मारक व्हावं म्हणून वर्षानुवर्षं मागणी, खाली दुकानदार भाडेकरू, त्यांचे हक्क, कोर्टकचेरी, आणि तोवर वाडा दरवर्षी थोडा थोडा खाली बसत होता. शेवटी नोव्हेंबर २०२३ ला सुप्रीम कोर्टात निकाल लागला, डिसेंबरमध्ये महापालिकेने जागा ताब्यात घेतली आणि रातोरात वाडा पाडला, कारण उभा ठेवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. आता तिथे स्मारक होईल, चांगलं होईल, व्हायलाच पाहिजे. पण ज्या खोलीत त्या मुली बसल्या असतील ती खोली भांडणातच विरघळून गेली. वॉटसनचं असंच होईल ही भीती आहे. कोणीतरी एक दिवस म्हणेल की आता सांगाडा पण गेला, मग आपण तिथे वॉटसनसारखी दिसणारी नवीन बिल्डिंग बांधू, आरसीसीची, बाहेरून लोखंडी खांब चिकटवलेली, आणि उद्घाटनाला सेल्फी पॉइंट असेल.

मग करायचं काय असं ग्रुपवर एकाने खवचटपणे विचारलं, तर माझं डोकं एवढंच चालतं. सरकारने ही एक बिल्डिंग सरळ घ्यावी, मालकाला आणि भाडेकरूंना दोघांनाही पैसे किंवा जवळपास जागा देऊन मोकळं करावं, कोणालाही फुकट हाकलायचं नाही. राहती वस्ती तिथे परत आणायची नाही, कारण मोऱ्या आणि बीड ह्यांचं जमत नाही हे सिद्ध झालंय. एक-एक कप्पा उघडून खांब तपासायचे, चांगले ठेवायचे, गेलेले बदलायचे, आणि मधला चौक परत मोकळा करायचा. मग खाली दुकानं-रेस्टॉरंट भाड्याने द्यायची, खऱ्या भाड्याने, आजच्या भावाने, आणि ते भाडं त्याच बिल्डिंगच्या देखभालीलाच लावायचं असं लिहूनच ठेवायचं. वर एक मजला सिनेमाला द्या. जिथे सावेदादांना वेड लागलं त्या पत्त्यावर सिनेमाचं काही नसेल तर मग कुठे असणार.

ह्यावर एकाने लिहिलं की एका बिल्डिंगवर एवढा खर्च, तेवढ्यात किती चाळी दुरुस्त होतील. प्रश्न बरोबर आहे आणि मी त्याला उडवून लावणार नाही. पण त्याला एवढंच सांगितलं की वॉटसनवर तो खर्च न करून गेल्या वीस वर्षांत एकही चाळ त्यामुळे दुरुस्त झाल्याचं मला तरी दिसलं नाही, टेकू, जाळ्या, अहवाल आणि कोर्ट ह्यावर मात्र पैसे गेलेच.

दुसऱ्याने लिहिलं, तू कशाला बोलतोस, तू स्वतः टॉवरमध्ये राहतोस. राहतो ना. चाळीच्या बदल्यात मिळालेला फ्लॅट, लिफ्ट आहे, लॉबीत खोटं झाड आहे. बिल्डिंगला अजून १५ वर्षं पण झाली नाहीत आणि वरच्या तीन मजल्यांच्या बेडरूमला ओल आलीये. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं तर खालचे म्हणतात आम्हाला गळत नाही आम्ही का द्यायचे, वरचे म्हणतात गच्ची सगळ्यांची आहे, बिल्डर म्हणतो वॉरंटी संपली. सिंकिंग फंड वाढवायचा ठराव दोनदा आपटलाय. येत्या रविवारी एजीएम आहे, अजेंड्यावर पहिला विषय तोच ठेवलाय. आणि त्याच संध्याकाळी मॅच आहे, त्यामुळे कोरम पूर्ण होईल असं काही मला वाटत नाही.